चारशे त्रेचाळीसची उतरंड

१

चटणीत रंग निघाला होता.

पडद्यावर ४४३ या आकड्यावर एक काठी ताठ उभी होती, इतकी उंच की बाकी सगळं तिच्यापुढं जमिनीला टेकलेलं. वैष्णवीनं डोळे पुसले, चष्मा पुसला, शेवटी पडदाही पुसून बघितला. काठी जागची हलली नाही.

धाराशिवकडं लाल तिखटाला चटणीच म्हणतात, आणि चटणीत ४४३ सापडणं म्हणजे ऱ्होडामिन बी सापडणं. कापड-कागद रंगवायचा झगझगीत रंग तो. खाण्याच्या जिनसांत त्याला बंदी आहे. तरी खात्री असावी म्हणून वैष्णवीनं मशीनला तो रेणू फोडायला लावला. तुकडा पडला ३९९ चा, पुस्तकात दिलाय अगदी तसाच. आता शंकेला जागाच उरली नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मास स्पेक्ट्रोमेट्री हा विषय तिनं हट्टानं घेतला होता. घरच्यांना ती सांगायची, की हा रेणूंचा वजनकाटा आहे. पदार्थातल्या एकेका रेणूवर तो विजेचा भार चढवतो, त्याला पळायला लावतो आणि पळण्यावरून त्याचं वजन सांगतो. "अन् खोटं बोलत नाही," हे ती शेवटी हटकून जोडायची. आज तेच वाक्य तिच्या अंगावर आलं होतं, कारण बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाव होतं: शिवार महिला गट, जळकोट. त्या गटाच्या अध्यक्ष कस्तुराबाई ही तिची सख्खी आत्या. पोरगी शिकंल तेवढी शिकू द्या म्हणून भावाशी भांडणारी, आणि जिंकणारीही.

हैदराबादची एक मसाला कंपनी गटाची यंदाची सगळी चटणी उचलणार होती. अट एकच, रिपोर्ट स्वच्छ हवा. हा रिपोर्ट गेला की माल तर परत येणारच, पण गावोगावच्या बाजारात 'त्या रंग घालणाऱ्या बाया' हे नाव कायमचं चिकटणार.

तेवढ्यात तरन्नुम मॅडम आत आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, साडीखाली धावायचे बूट घालणाऱ्या, आणि कोडं दिसलं की भूक लागणाऱ्या. पर्समधले खारे शेंगदाणे तोंडात टाकत त्यांनी पडदा पाहिला.

"मॅडम, ही माझ्या आत्याची चटणी आहे," वैष्णवी एका दमात बोलून गेली.

"बरं झालं सांगितलंस. आता या नमुन्याला हात लावायचा नाही. हात माझे, डोकं तुझं. चालंल?" मॅडमनी खुर्ची ओढली. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "काठी लई तोऱ्यात उभी आहे. कुणी उभी केली ते बघू."

२

पहिला संशय घरातल्याच माणसावर आला.

रुद्रेश हा प्रयोगशाळेचा सहायक. मशीनवर त्याचं पोटच्या पोरासारखं प्रेम, आणि खंडेनवमीला तो त्याची साग्रसंगीत पूजा करी. मॅडमनी मशीनच्या बाजूला लटकलेलं कॅलेंडर उचललं. मागं हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं होती.

"रुद्रेश, बाजारातल्या स्वस्त कुंकवात, गुलालात हाच रंग असतो, ठाऊक आहे ना? याचा कण उडाला तरी हा काटा बोंब मारतो."

रुद्रेशचं तोंड पडलं. "मॅडम, ते पुढच्या दसऱ्यालाच पुसायचं असतंय. मधी पुसलं तर पूजा मोडती. म्हणून तर कॅलेंडर लावलं, कुणाचा हात लागू नये म्हणून."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी मशीनला नुसतं शुद्ध द्रावण पाजलं, चटणीचा कणही नसलेलं. मशीनमध्येच कुंकू शिरलं असतं तर ते इथंही दिसलं असतं. तिघं श्वास रोखून बघत राहिले. पडदा कोरा राहिला.

"सुटलास," मॅडम म्हणाल्या. रुद्रेश मटकन स्टुलावर बसला.

वैष्णवीला मात्र रडू आलं. मशीन निर्दोष म्हणजे चटणी दोषी. मॅडमनी तिच्यापुढं शेंगदाणे सरकवले. "खा. अन् सांग, तू यात काय शोधलंस?"

"ऱ्होडामिन. कंपनीनं तेवढंच मागितलं होतं."

"म्हणजे तू मशीनला एकाच माणसाचा फोटो दाखवलास, अन् गर्दीतून तेवढाच हुडकून आण म्हणालीस. आता सगळी गर्दी बघू."

या खेपेला मशीन सगळीच वजनं टिपत गेलं. मिरचीच्या तिखटपणाचा ३०६ आला, तो यायलाच हवा होता. ४४३ आला. आणि त्याच्या अलीकडं ४१५ वर एक काठी होती, तिच्याहून बुटकी ३८७ वर, आणि अगदी इवलीशी ३५९ वर. मोठ्या मडक्यावर लहान मडकं, त्यावर त्याहून लहान, अशी उतरंडच रचलेली.

वैष्णवी रडायचं विसरली. "अठ्ठावीस. दर पायरीला अठ्ठावीसनं कमी होतंय."

"पुढं?"

"मशीनमध्येच रेणू तुटत असतील का?"

"तिथं तुटले असते तर सगळे एकाच क्षणाला आले असते. वेळ बघ."

वैष्णवीनं बघितलं. मशीनच्या आधी एक बारीक नळी असते, तिच्यातून रेणू आपापल्या चालीनं बाहेर पडतात. ३८७ आधी आला होता, मग ४१५, शेवटी ४४३. म्हणजे ते बाटलीत होते तेव्हाच वेगळे होते.

मॅडम उठून फळ्यापाशी गेल्या. आता त्यांना बसवतच नव्हतं. "या रेणूला चार गोंडे असतात, बैलाच्या झुलीला असतात तसे. एक गोंडा गळला की वजन अठ्ठावीसनं उतरतं. ताज्या रंगात ४१५ नावापुरता असतो, इथं तो ४४३ च्या खांद्याला लागलाय. आता सांग, गोंडे कशानं गळतात?"

वैष्णवीला वर्गातला तो तास आठवला. खिडकीतला फिकटलेला पडदा दाखवून मॅडमनी तो शिकवला होता.

"उन्हानं," ती म्हणाली. "हा रंग नवा नाही मॅडम. हा ऊन खाऊन आलाय. भेसळ करणारा ताजा रंग ओतंल, असा विटका कशाला घालील?"

३

कंपनीचा माणूस इंद्रजित रिपोर्ट न्यायला आला तो घाईतच. त्यानंच जळकोटला जाऊन नमुना घेतला होता, लाखेचं सील लावलं होतं. सीलवर त्याची आणि कस्तुराबाईंची सही होती, आणि फोडेपर्यंत ते शाबूत होतं, हे वैष्णवीनं स्वतः पाहिलं होतं.

पण आता ती बघत होती त्याच्या शर्टाच्या बाहीकडं. पांढऱ्या कफाच्या शिवणीत गुलाबी रंग बसला होता. तिनं मॅडमना कोपरानं ढोसलं. मॅडमना गरज नव्हतीच.

"गुलाल कुठला?"

"मेव्हणा सोसायटीत निवडून आला. मिरवणूक झाली, तसाच पुढं जळकोटला गेलो," इंद्रजित हसला, आणि मग त्याचं हसू आटलं. "म्हणजे? मी टाकला म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. म्हणणारं मशीन आहे. बाही पुढं करा."

इंद्रजित लाल झाला, पण त्यानं बाही पुढं केली. मॅडमनी कापसाच्या बोळ्यानं कफ टिपला. मशीन चालू असताना त्यांनी सहज विचारलं, "नमुना कसा घेतला?"

"मी बाटली धरली, बाईंनी स्वतः भरली. पोती रचलेली होती, पण त्यांनी आतनं पितळी डबा आणला. पाहुण्याला चांगलं द्यायचं म्हणाल्या. अन् चटणी खरंच देखणी होती, मी खोटं कशाला सांगू."

पडद्यावर ४४३ उगवला. वैष्णवी खुर्चीच्या टोकाशी आली. ४१५ वर इवलंसं टोक होतं, आणि पुढं काहीच नाही. गुलाल ताजा होता. उतरंड नव्हती.

"तुम्ही सुटलात," मॅडम म्हणाल्या, आणि फळ्यावरची उतरंड त्याला समजावून सांगितली. इंद्रजितनं नीट ऐकून घेतलं. माणूस हुशार होता. ऐकता ऐकता त्याची मान हलायला लागली.

"उन्हात राहिलेला रंग म्हणताय ना? मग मॅडम, मिरची वाळते कुठं? अंगणात, उन्हातच. बायांनी वाळवतानाच रंग फासला. तुमच्याच मशीननं सांगितलं की."

वैष्णवीनं मॅडमकडं बघितलं. मॅडम शेंगदाणा तोंडात न टाकता तसाच हातात धरून उभ्या होत्या. जो पुरावा आत्याला सोडवील म्हणून ती नाचत होती, त्यानंच आत्याला पक्कं बांधलं होतं.

"उद्या सकाळी मला रिपोर्ट लागंल," इंद्रजित म्हणाला.

"मिळंल. पण वाळवताना फासला असंल तर सगळ्या पोत्यांत निघाला पाहिजे. चला जळकोटला. पोती तुम्ही निवडा, म्हणजे उद्या कुणाला बोलायला जागा नको."

४

तुळजापूर मागं पडलं, नळदुर्ग गेलं, आणि हायवेच्या कडेला जळकोट आलं. मॅडमची जुनी गाडी पुढं, इंद्रजितची मोटारसायकल मागं. वाटेत मॅडम गुणगुणत होत्या. वैष्णवीला त्यांचा राग येण्याऐवजी हेवा वाटला.

कस्तुराबाईंनी दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. भाचीचं तोंड बघून त्यांना काय ते कळलं. "काय निघालं ग?"

"रंग, आत्या. कपड्याचा."

कस्तुराबाई पदर खोचून सरळ झाल्या. "आमच्या एका बाईनं जरी रंग घातला असंल, तर म्या स्वतः सगळी पोती उकिरड्यावर टाकीन. तपासा."

गटाच्या खोलीत पोती थप्पीला लावलेली होती, सगळी मशीननं शिवलेली. इंद्रजितनं बोट दाखवावं आणि मॅडमनी कात्रीनं दोरा कापावा, असं चाललं. प्रत्येक पोत्यातली चिमूट वेगळ्या कुपीत गेली. मॅडमनी कस्तुराबाईंच्या करंड्यातलं कुंकूही थोडं मागून घेतलं.

"बाई, या साहेबांना नमुना कशातला दिला होता?"

"ह्याच पोत्यातला," कस्तुराबाई म्हणाल्या. नजर मात्र खाली गेली.

इंद्रजित काही बोलणार, तोच मॅडमनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. वैष्णवीनं थप्पीकडं पाहिलं. एकूण एक पोतं शिवलेलं होतं. मॅडमची कात्री लागेपर्यंत एकाचाही दोरा तुटलेला नव्हता. मग आत्यानं पोत्यातलं दिलं कसं?

मॅडम घरात हात धुवायला गेल्या, वैष्णवी मागोमाग. देवघरातल्या देवीपुढं घासून लखलखीत केलेला पितळी डबा होता. झाकणावर फूल.

"त्यात काय आहे बाई?"

"देवीचं हाय ते," कस्तुराबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, पाया पडते, त्याला हात लावू नका."

"नाही लावत," तरन्नुम मॅडम म्हणाल्या आणि दोन पावलं मागं सरल्या.

बाहेर आल्यावर वैष्णवीचा बांध फुटला. "मॅडम, आत्या खोटं बोलल्या. माझ्यासमोर. त्या आयुष्यात कधी खोटं बोलत नाहीत."

"म्हणून तर लगेच दिसलं. ज्याला सवय असती त्याचं कळलं नसतं." मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मिरची दळली कुठं ते दाखव."

५

कुलदीपची गिरणी हायवेला लागून होती, पत्र्याची शेड, पश्चिमेला दार. कुलदीप बोलायला लागला की थांबत नसे.

"ही बघा मॅडम, मिरचीची गिरणी येगळी, हळदीची येगळी, पिठाची येगळी. भेसळीचं कामच न्हाय. अन् ही मिरचीची तर दसऱ्याच्या आदीपासनं बंद होती. हंगामाची पयली मिरची कस्तुरामावशीच्या गटाची. ती यायच्या आदी म्या सगळी खोलून धुतली, पुसली. तोंड बघून घ्या तिच्यात."

खरंच, गिरणी आरशासारखी चमकत होती. मॅडम तिच्याभोवती फिरल्या, वाकल्या, जाळी बघितली, पट्टा बघितला. इंद्रजित कंटाळून दाराशी उभा राहिला. दुपार कलत आली होती.

"पहिला घाणा कुणी ओतला?"

"मावशीनंच. निवडून निवडून लालभडक मिरच्या आणल्या हुत्या. पयला घाणा देवीचा असतोय ना. तो पोत्यात घालत न्हाईत, अन् म्या त्याची दळणावळ बी घेत न्हाय. पितळंच्या डब्यात भरला अन् घरी न्हेला. मग बाकीच्या बायांची मिरची."

वैष्णवीनं झटकन मॅडमकडं पाहिलं. मॅडम तिच्याकडं बघतच नव्हत्या. त्या दाराकडं बघत होत्या.

ऊन आत येत होतं. उंबरा ओलांडून ते जमिनीवरून सरकत आलं, गिरणीच्या पायाला लागलं, आणि हळूहळू वर चढत मिरची ओतायच्या पत्र्याच्या रुंद तोंडावर जाऊन थांबलं. तिथं काठावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. सबंध गिरणी धुतलेली, पुसलेली, आणि तेवढीच जागा सोडलेली. कुंकवाचा रंग विटून मातकट झाला होता.

"कुलदीप," मॅडमचा आवाज एकदम हळू झाला, "सगळं धुतलंस. हे का नाही?"

कुलदीपला प्रश्नच समजला नाही. "खंडेनवमीचं हाय ते मॅडम. ते दसऱ्याबिगर पुसत असतेत व्हय?"

वैष्णवी पुढं सरकली. तोंडाच्या बाहेरच्या अंगाला बोटं पुरती होती. पण ती काठावरून आत वळत होती, आणि आतल्या अंगाला कुंकू खरवडून गेलं होतं. कोरड्या, टणक मिरच्या घसरत खाली जातात, नेमक्या त्या वाटेवर. दसऱ्यापासून रोज दुपारी हे ऊन इथंच येऊन बसत होतं, आणि हंगामाच्या पहिल्या घाण्यानं ते विटलेलं कुंकू आपल्यासोबत ओढून नेलं होतं.

"मॅडम, मी आत्याकडं जाऊन येऊ?" ती म्हणाली.

"जा. हे मशीनला विचारता येत नाही. तुलाच विचारावं लागंल."

६

कस्तुराबाई देवघरापुढं बसल्या होत्या. वैष्णवी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"आत्या, साहेबांना तुम्ही देवीच्या डब्यातलं दिलं ना?"

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "त्यो मानूस दारात आला. हैदराबादचं एवडं मोठं काम. पोत्यातली बी चांगलीच हुती ग, पर डब्यातली लई देखणी हुती. मला मोह झाला. देवीचं काढून पावण्याच्या बाटलीत भरलं. बायांना कळलं असतं तर त्या काय म्हनल्या असत्या? अन् आता बघ, तिनं दावलं मला. माज्या एकटीच्या पापानं सगळ्या बायांच्या तोंडाला काळं लागलं."

वैष्णवीचे डोळे भरून आले. तिनं आत्याचा हात घट्ट धरला. "उद्या धाराशिवला या. डबा घेऊन. तुमच्या हातानं उघडा."

७

सकाळच्या एसटीनं कस्तुराबाई आल्या, डबा मांडीवर घेऊन, कुणाच्या हातात न देता. कुलदीपही मागं मागं आला. इंद्रजित खुर्चीत घड्याळ बघत होता, रुद्रेश दाराशी.

मॅडमनी आधी फळ्यावर भाकीत लिहून टाकलं. मशीन चालू होण्याआधी बोलायची त्यांची खोड साऱ्या कॉलेजला माहीत होती. चुकल्या तर सगळ्यांदेखत चुकायच्या. करंड्यातलं कुंकू: एकटा ४४३. गिरणीचं कुंकू: उतरंड. देवीचा डबा: तीच उतरंड. पोती: काही नाही.

"हे सगळं खरं निघालं तर माल स्वच्छ," त्या इंद्रजितला म्हणाल्या. "एक जरी चुकलं तर मी आत्ता भेसळीच्या रिपोर्टवर सही करते, अन् तुम्ही जा."

पोत्यांपैकी एकात जरी ४४३ दिसला तर सगळं संपणार होतं.

करंड्यातलं कुंकू आधी गेलं. ४४३ उभा राहिला, सरळ, एकटा. झाकणाखाली अंधारात राहिलेला. इंद्रजितनं मान डोलावली.

मग गिरणीच्या तोंडावरून टिपलेला बोळा. ४४३, ४१५, ३८७, ३५९. कुलदीपनं कपाळाला हात लावला.

मग कस्तुराबाईंनी डब्यावरचं फूल काढून ठेवलं, झाकण उघडलं आणि स्वतःच्या हातानं चिमूट दिली. पडद्यावर मडक्यावर मडकं चढत गेलं. वैष्णवीनं गिरणीची उतरंड आणि डब्याची उतरंड एकावर एक ठेवून बघितली. मग बाटलीतल्या नमुन्याची. तिन्हींचं माप एकच होतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण पोती राहिली होती.

पहिल्या पोत्याचा पडदा ४४३ च्या जागी सपाट. दुसऱ्याचा सपाट. रुद्रेशनं तर डोळेच मिटले होते. इंद्रजितनं निवडलेलं प्रत्येक पोतं काट्यावर चढलं आणि प्रत्येकाची जमीन कोरी निघाली.

"पयल्या घाण्यानं सगळं पुसून न्हेलं," कुलदीप पुटपुटला.

"तेच," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन कागद पुढं ओढले. "रिपोर्ट मी बदलणार नाही. नमुन्यात रंग आहे म्हणजे आहे. पण तो कुठून आला, किती दिवस उन्हात होता, अन् मालात नाही हे कशावरून, हेही सगळं लिहिणार. कंपनीनं स्वतः पुन्हा नमुना घ्यावा, माझी हरकत नाही." इंद्रजित उठला, काहीसा खजील होऊन कस्तुराबाईंपुढं हात जोडून उभा राहिला, आणि फोन काढत बाहेर गेला.

वैष्णवीला वाटलं आता आत्या हसतील. पण कस्तुराबाई डब्यावर हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

"मॅडम, तुमी लई केलं. पर खरं सांगते, हे देवीनंच केलं. तिचं उचलून दिलं म्हनून तिनं माजी फजिती केली."

तरन्नुम मॅडमनी चष्मा काढला. त्या कस्तुराबाईंच्या समोर स्टूल ओढून बसल्या. कॉलेजात मॅडमना इतकं सावकाश बोलताना वैष्णवीनं कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, मी रसायनवाली. देवीचं मला कळत नाही. पण एक हिशेब कळतो. गिरणीवर तो रंग होताच. जी मिरची पहिली पडली असती तिला तो लागणारच होता. तुमच्यात पहिला घाणा देवीच्या नावानं बाजूला काढायची रीत नसती, तर ती चटणी पोत्यात गेली असती, बाकीच्यात मिसळली असती, अन् आज या पडद्यावर एकही जमीन कोरी दिसली नसती. मग मी काय, कुणीच तुम्हाला सोडवू शकलं नसतं." त्यांनी डब्याकडं बोट केलं. "सगळ्या बायांचा रंग तिनं एकटीनं घेतला."

कस्तुराबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. वैष्णवीनंही आपलं पुसलं नाही.

"कुलदीप," कस्तुराबाई म्हणाल्या, "ती बोटं आज म्या माज्या हातानं पुसनार हाय. दसरा-बिसरा सांगू नकोस. अन् पुढच्या खंडेनवमीला कुंकू आतल्या अंगाला न्हाय, खाली पायाला लावायचं."

"व्हय मावशी."

कस्तुराबाईंनी डब्याचं झाकण लावलं, त्यावर फूल परत ठेवलं आणि मॅडमकडं बघितलं. "मग ह्या चटणीचं काय करायचं?"

"कुणी खायची नाही."

"अन् देवीपुढं ठेवली तर?"

"ठेवा की," मॅडम म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची पुडी त्यांच्यापुढं धरली. "तिला पचलीय."

बाहेर व्हरांड्यात इंद्रजित हैदराबादशी मोठ्यानं बोलत होता. माल उचलायला गाडी कधी पाठवता, असं विचारत होता.